उशिरा उमटणारी इजा

परळचा वैद्यकीय इतिहास सांगताना आपण नेहमी पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी मोजतो. १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उघडले, १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उभे राहिले. फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये देशातले पहिले हृदयारोपण केले. केपटाउनच्या पहिल्या हृदयारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला, तरी ती शस्त्रक्रिया आपल्या स्मरणात आहे आणि असायलाही हवी. पण याच परिसराचा आणखी एक इतिहास आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. उपचार यशस्वी झाला, रुग्ण घरी गेला आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी, रुग्णालयापासून दूर कुठेतरी, त्या उपचारातूनच इजा उमटली, असे प्रसंग त्यात येतात. अशी इजा ओळखायला लागणारे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे नोंदवही, आणि नोंदवहीतल्या माणसामागे जाणारा कोणीतरी, असे माझे म्हणणे आहे. यंत्र आणि सुरी त्यानंतर येतात. हृदयाचे ठोके बिघडल्यावर कॅथेटरने केल्या जाणाऱ्या उपचारात फुप्फुसांच्या शिरा आवळल्या जातात, ही गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली गोष्ट त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

आधी त्या शिरांविषयी. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त साधारणपणे चार शिरांमधून हृदयाच्या डाव्या कर्णिकेत येते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात कर्णिका लयीत आकुंचन न पावता नुसती थरथरत राहते. ठोके अनियमित पडतात, आत रक्त साकळून गुठळी होण्याची आणि त्यातून पक्षाघाताची भीती असते. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही थरथर सुरू करणाऱ्या ६९ ठिणग्या त्यांनी शोधल्या होत्या आणि त्यांतल्या ९४ टक्के या फुप्फुस-शिरांच्या आत होत्या. शोध मोठा होता. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर न्यायचा, उजव्या कर्णिकेतून मधला पडदा भेदून डाव्या बाजूला जायचे आणि शिरेच्या आत जिथे ठिणगी आहे तिथे रेडिओलहरींच्या उष्णतेने डाग द्यायचा, असा उपचार त्यातून पुढे आला. डॉक्टर याला ॲब्लेशन म्हणतात. छाती उघडावी लागत नाही, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो, ठोका सुधारलेला मॉनिटरवर तिथल्या तिथे दिसतो. पण डाग दिलेली जागा भरून येताना आक्रसते. हृदयाच्या जाड भिंतीत त्याने फारसे बिघडत नाही. बोटाएवढ्या रुंदीच्या, पातळ भिंतीच्या शिरेत मात्र तीच आक्रस रक्ताची वाट अडवते, आणि ही क्रिया आठवडे-महिने चालू राहते. हाइसागेर यांचा निबंध आला त्याच वर्षी, १९९८ मध्येच, अमेरिकेतून अशा दोन रुग्णांची हकीकत छापून आली. ॲब्लेशननंतर त्यांच्या फुप्फुस-शिरा अरुंद झाल्या होत्या आणि फुप्फुसांतला रक्तदाब वाढला होता.

परळला या चित्राची ओळख फार जुनी आहे, फक्त अडथळ्याची जागा वेगळी. गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या ज्या हृदयविकाराने तरुण माणसे नेली, तो ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आक्रसण्याचा. लहानपणी घसा दुखतो, नंतर सांधे सुजतात, ताप उतरतो, सगळे विसरून जातात, आणि पंधरा-वीस वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. दाटीने राहणाऱ्या वस्तीत घशाचा हा संसर्ग झपाट्याने पसरतो. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी, त्यातली एकेक खोली १६० चौरस फुटांची, आणि गिरण्या जोरात असताना अशा एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी कितीतरी माणसे. पाश्चात्त्य पुस्तके हा विकार चाळिशीच्या आसपासचा मानत. भारतात तो विशीच्या आतही झडप पूर्ण आवळतो, हे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. झडप आवळली की डाव्या कर्णिकेत रक्त तुंबते, तिथून मागे शिरांमध्ये आणि फुप्फुसांत दाब चढतो. धाप, रात्रीचा खोकला, कधी थुंकीतून रक्त. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या या भागात खोकल्यातून रक्त आले की पहिला संशय क्षयाचाच. मायट्रलच्या रुग्णाला टीबीचा समजून औषधे देणे ही चूक भारतातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना बजावून सांगितली जाते.

फुप्फुस-शीर आवळल्यावरही तक्रारी याच: धाप, कोरडा खोकला, छातीत दुखणे, थुंकीत रक्त. अडथळा कर्णिकेच्या पुढे नसून मागे, काही सेंटिमीटर अलीकडे, एवढाच फरक. पण निदानाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मायट्रल झडपेचा आवाज स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येतो आणि केईएमच्या ओपीडीत तो आवाज ओळखायला शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या तयार झाल्या. आवळलेली फुप्फुस-शीर बहुधा काहीच आवाज करत नाही. छातीवरून केलेल्या साध्या इकोत ती हमखास दिसतेच असे नाही, सिटी स्कॅनमध्ये मात्र दिसते. एकच शीर बंद झाली असेल तर फुप्फुसाच्या तेवढ्याच भागात एक्स-रेवर डाग दिसतो आणि तो न्यूमोनियासारखा किंवा क्षयासारखा भासतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २००३ मध्ये ३३५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ॲब्लेशननंतर १८ जणांच्या शिरा गंभीर अरुंद झाल्या होत्या आणि त्यांतल्या काहींवर आधी न्यूमोनियाचा, एकावर कर्करोगाचा शिक्का बसला होता. हाच रुग्ण लालबागला किंवा लालबागहून गावी गेलेल्या घरात असता तर शिक्का कोणता बसला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चार-सहा महिन्यांपूर्वी जांघेतून काहीतरी केले होते, या गोष्टीचा आजच्या खोकल्याशी संबंध असेल हे रुग्णाला सुचणार नाही. गावच्या डॉक्टरलाही ते सुचेल अशी अपेक्षा करता येत नाही.

त्या ३३५ जणांच्या अभ्यासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. शिरा गंभीर अरुंद झालेल्या १८ पैकी ८ जणांची कसलीही तक्रार नव्हती. ते सापडले याचे कारण तक्रार असो वा नसो, ठरलेल्या महिन्यांनी सगळ्यांना परत बोलावून स्कॅन केला गेला. बोलावले नसते तर ते बरे झालेल्यांच्या यादीत राहिले असते. अशा पाठपुराव्यातूनच दिसून आले की शिरेच्या आत डाग देणे धोक्याचे आहे. मग डॉक्टर बाहेर सरकले. शिरेच्या तोंडाबाहेर, कर्णिकेच्या भिंतीवर गोल कडे आखून शीर विजेच्या दृष्टीने वेगळी करायची, ही आजची पद्धत रूढ झाली आणि शिरा आवळण्याचे प्रमाण एकदम खाली आले.

इथे कोणी आक्षेप घेईल की मग हा विषय संपलाच. २०१० मध्ये जगभरच्या १६,३०९ रुग्णांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, त्यात फुप्फुस-शीर आवळल्यामुळे पुढे उपाय करावे लागलेले रुग्ण ०.२९ टक्के होते. पाव टक्क्याच्या गोष्टीवर एवढा खल कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एट्रियल फिब्रिलेशनने होणारा पक्षाघात याहून कितीतरी मोठा धोका आहे, आणि ॲब्लेशनने हजारो लोकांचे जगणे सुसह्य केले आहे. शिवाय ठोक्यांच्या ज्या विकारांसाठी पालिकेच्या रुग्णालयांत ॲब्लेशन वर्षानुवर्षे होत आले, त्यांतल्या अनेकांत, म्हणजे जन्मजात जास्तीच्या तारेमुळे एकाएकी धडधड सुरू होणाऱ्यांत, फुप्फुस-शिरांना हातही लागत नाही. पण त्याच सर्वेक्षणात जांघेतल्या इजाही मोजल्या आहेत. तिथल्या धमनीला खोटा फुगा येण्याचे प्रमाण ०.९३ टक्के आणि धमनी व शीर एकमेकींत उघडण्याचे ०.५४ टक्के. जांघेतली इजा बहुधा वॉर्डातच किंवा थोड्याच दिवसांत कळते. सिस्टर पट्टी बघते, हात लावते, सूज दिसली की हाक मारते. वॉर्डची सगळी रचनाच ती इजा पकडण्यासाठी असते. फुप्फुस-शीर आवळते तेव्हा ना वॉर्ड असतो ना सिस्टर. म्हणून दोन आकडे शेजारी छापले तरी त्यांचे वजन सारखे नाही. एक बव्हंशी घडलेल्या इजांचा आकडा आहे आणि दुसरा सापडलेल्या, आणि सापडल्यावर उपाय केलेल्या इजांचा. प्रमाण खाली आले ते पाठपुरावा झाल्यामुळे. ते खाली आले म्हणून पाठपुरावा सोडायचा, हा तर्क मला मान्य नाही.

आणि मुंबईत उशिरा उमटणाऱ्या इजेचे मोल जास्त आहे, कारण इथला रुग्ण तरुण आहे. ठोका लयीत आणावा की फक्त त्याचा वेग आवरावा, या प्रश्नावर अमेरिकेत २००२ मध्ये ४,०६० रुग्णांचा मोठा अभ्यास पुरा झाला. त्यातल्या रुग्णांचे सरासरी वय सत्तरच्या घरात होते. अमित वोरा, यश लोखंडवाला या मुंबईच्या हृदयतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न ऱ्हुमॅटिक झडपांच्या १४४ रुग्णांबाबत तपासून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्या रुग्णांचे सरासरी वय चाळिशीच्याही आत होते. परदेशातला अनुभव इथे तसाच लागू करता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. ज्या माणसापुढे अजून तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य आहे, त्याच्या बाबतीत सहा महिन्यांनी किंवा सहा वर्षांनी काय होते हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

लांबवर, उशिरा उमटलेल्या इजेचा परळला पहिला धडा मिळाला तो मात्र हृदयाच्या कितीतरी आधी. वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस देशभर जात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचण्यात आली. पाच बाटल्या उघडल्या होत्या. सुमारे आठवड्याने १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून, ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून लस मिळाली होती. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, कारण हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बोलिक ॲसिड वगळले होते. त्यांना निलंबित करण्यात आले. पुढे लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावा पुन्हा तपासला. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद निर्णायक ठरली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे एका माणसाची बदनामी झाली हे खरेच, आणि ते अन्यायाचे होते. तरी दोष कोणाचा हे अखेर ठरवता आले, कारण कोणाला कुठल्या बाटलीतून टोचले हे कोणीतरी लिहून ठेवले होते आणि शेकडो कोसांवरच्या त्या गावातून मृत्यूंची खबर परत आली होती. नोंद नसती तर एवढेच उरले असते की लशीने माणसे मरतात, आणि तेवढ्याने लसच संपली असती.

यावर कोणी म्हणेल की लस आणि ॲब्लेशन यांची तुलना ओढूनताणून आहे. लस निरोगी माणसाला देतात, ॲब्लेशन आजारी माणसावर करतात. तिथे मृत्यू झाले, इथे धाप लागते. हा फरक मी नाकारत नाही. मुद्दा इजेच्या वाटेचा आहे. दोन्हीकडे काम परळला होते आणि परिणाम परळच्या बाहेर, काळ लोटल्यावर कळतो. गिरणगावाचा माणूस तर मुळात दोन ठिकाणचा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इथून आलेला, आजारपणात मुंबईला राहिलेला, बरा झाल्यावर गावी गेलेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि कितीतरी कुटुंबे कायमची गावाकडे परतली. त्यांचे केसपेपर मात्र परळलाच राहिले. बाहेरगावच्या रुग्णाने उपचारासाठी यावे म्हणून या परिसराने फार मनापासून सोय केली. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती ही नावे महाराष्ट्रभरच्या रुग्णांना ठाऊक आहेत. येणाऱ्याची एवढी काळजी घेणाऱ्या या परिसराने जाणाऱ्याचा माग ठेवण्यासाठी मात्र तेवढ्या मोठ्या संस्था उभ्या केल्या नाहीत.

एक अपवाद आहे आणि तो कर्करोगाचा. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने परळहून मुंबईच्या लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंदणी सुरू केली. देशातली ती अशा प्रकारची पहिली. द. ज. जस्सावाला यांनी तिला आकार दिला. रुग्णालया-रुग्णालयांतून आणि मृत्यूच्या दाखल्यांवरून माणसे शोधायची, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे पडताळायची, हे कंटाळवाणे काम तिथे सहा दशके चालले आहे. मुंबईत कुठला कर्करोग वाढतो आणि कुठला कमी होतो हे आज सांगता येते ते त्याच्या बळावर. केईएमच्या बाबतीतही हा धागा परका नाही. गोरधनदास सुंदरदास यांच्या वारसांनी केईएमला जोडलेल्या मेडिकल कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली होती की अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र, पात्र भारतीयच असावेत. त्या काळी मोठ्या पदांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मक्तेदारी होती. भारतीय डॉक्टर स्वतःच्या बळावर शिकवू शकतात आणि संशोधन करू शकतात, हे त्या अटीला सिद्ध करायचे होते. जीवराज मेहता यांच्या कारकिर्दीत ते सिद्ध झाले, आणि १९५५ पासून तिथल्या अध्यापकांनी ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे स्वतःचे नियतकालिक चालवून आपल्या रुग्णांच्या हकीकती जगापुढे ठेवल्या. स्वतःच्या उपचाराचा हिशेब स्वतः मांडायचा, हा त्या संस्थेच्या स्थापनेतच असलेला हेतू आहे असे मी मानतो.

सर्वांत गंभीर आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो डॉक्टरच घेतील. सकाळी ओपीडीत रांग दरवाजाबाहेर गेलेली असते, निवासी डॉक्टर रात्रभर जागा असतो. गावी गेलेल्या माणसाचा फोन लागत नाही, आणि सिटी स्कॅनसाठी आज आजारी असलेल्यांनाच तारीख मिळत नाही, तर तक्रार नसलेल्याला बोलावून काय करायचे? या परिस्थितीत प्रत्येकाचा स्कॅन करा म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण सगळे किंवा काहीच नाही, एवढ्याच दोन वाटा नाहीत. ऱ्हुमॅटिक तापाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ती मुले चुकू नयेत म्हणून साध्या कार्डांवर तारखा घालून काम चालवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. फुप्फुस-शिरांजवळ ॲब्लेशन झालेल्याच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक दोन ओळी हव्यात. पुढच्या वर्षभरात धाप, न थांबणारा खोकला किंवा थुंकीत रक्त दिसले तर टीबीची औषधे सुरू करण्याआधी हे कार्ड डॉक्टरला दाखवा आणि फुप्फुस-शिरांचा स्कॅन करून घ्या, एवढा मजकूर पुरे. छपाईचा खर्च नगण्य आहे. रुग्ण घाबरेल, ही भीती मला पटत नाही. गिरणगावातल्या बायकांनी झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे तपासण्या करत घेतल्या आहेत. नीट सांगितले तर माणसे समजून घेतात.

हा प्रश्न आता नव्याने विचारण्याचे कारण म्हणजे उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी ॲब्लेशन करण्याची पद्धत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला पहिली मान्यता मिळाली. २०२४ मध्ये १७,६४२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यात फुप्फुस-शीर आवळल्याची एकही हकीकत नव्हती. ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच नोंदीत एक वेगळी इजा होती. स्पंदनांनी तांबड्या रक्तपेशी फुटून पाच जणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सतरा हजारांत पाच. वर्षाला काही शे रुग्णांवर हा उपचार करणाऱ्या कोणत्याही एका रुग्णालयाला, ते परळचे असो वा गिरगावचे, ही इजा एकट्याने क्वचितच दिसली असती. दिसलीच तरी तो योगायोग समजला गेला असता. ती नीट दिसली कारण शंभराहून अधिक केंद्रांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या. मुंबईतली केईएम, नायर, सायन आणि खासगी रुग्णालये मिळून जेवढे रुग्ण हाताळतात तेवढे जगातली फार थोडी शहरे हाताळत असतील. कर्करोगासाठी १९६३ मध्ये परळने जे केले, ते हृदयाच्या ठोक्यांसाठी करायला लागणारे डॉक्टर इथे आहेत आणि रुग्ण तर आहेतच. प्रत्येक वहीत सारखेच रकाने आखणे आणि गावी गेलेल्या माणसाला वर्षाने पत्र पाठवणे, हे काम कोणाच्या तरी पगारात लिहिले गेले पाहिजे.